गोटी

मतदान केंद्राजवळ सायकलींना मनाई आहे.
पिंपातली घंटा आणि सायकलची घंटा
सारखीच वाजते, ऐकणाऱ्यांचे कान फसतात.
म्हणून सांकुंगने आपल्या घंटेला चिंधी बांधली
आणि मला मागे बसवून
खाडीकाठच्या शाळेच्या अलीकडे आणून सोडलं.
वाटभर बोलत होता. वय एकोणीस,
पहिलं मत, नवे बूट.
"मावशी, म्हाताऱ्याला आता झोपू दे," म्हणाला.
मी म्हटलं, "पुढे बघ, खड्डा आहे."

बोटाला शाई. हातात काचेची गोटी.
पडद्याआड दोन पिंपं.
नारिंगी पिंपावर तो:
तीस वर्षं फायली, तह, टंचाया यांतून गेलेला,
हसूसुद्धा जपून खर्च करणारा.
जांभळ्या पिंपावर ती पोरगी, चौतिशीची,
फोटोतही बाह्या सरसावलेल्या.

कालवं खरवडून खरवडून
या तळहाताला आता सुरीचं पातंही कळत नाही.
गोटी कळली. गार होती.

तिदा तेवीसची होती,
बाजारात उलट्या टोपलीवर उभी राहून म्हणाली होती:
तिवरांची मुळं तोडू नका, नुसती कालवं काढा,
आणि वर्षातले आठ महिने खाडीत उतरूच नका.
आठ महिने! चुलीत काय ओहोटी घालू?
सगळ्यांत जोरात मी हसले.
मला खाडी ठाऊक होती ना.
तिसऱ्या वर्षी मुळांना
तळहाताएवढी कालवं लगडली.
मी ती विकली, पैसे दोनदा मोजले
आणि तिदाशी कितीतरी दिवस बोलले नाही.

पण मालांगही तेवीसचाच होता.
त्याच्याकडे नकाशा होता, आवाज होता.
चाळीस पोरं घेऊन एका उन्हाळ्यात त्याने
जुना बांध फोडला आणि नवा सरळ घातला,
का, तर जुना वाकडा होता.
तो का वाकडा होता हे सांगायला
म्हातारा एन्सा दोनदा काठी टेकत आला.
दोन्ही वेळा त्याला
कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.
आज त्या भातखाचरांत मीठ फुलतं,
बगळा उतरत नाही.
मालांग शहरात असतो. अजून छान बोलतो, म्हणतात.

पडद्याआड ही दोघं माझ्याशी भांडत होती
आणि नारिंगी म्हातारा बघत होता.
कुठली फाइल कुठे अडते, त्याला माहीत आहे.
अडवणाऱ्यांत तोही होता.
जांभळीला ते माहीत नाही.
कळेल तेव्हा ती बाह्या खाली ओढेल
की आणखी वर सारेल,
फोटोवरून कसं सांगायचं?

आणि मी तरी.
दूध पोळलं म्हणून ताक फुंकत बसलेली.
माझ्या शहाणपणात शहाणपण किती
आणि नुसती गुडघेदुखी किती,
हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं,
आज एका गोटीने विचारलं.

बाहेर अधिकारी खाकरला.
रांगेतून कुणी ओरडलं,
"आत बाळंतपण चाललंय की काय?"
लोक हसले. मीही हसले,
आणि हसता हसता हात सुटला.

टण्.

पिंपाच्या तळाशी वाळू पसरलेली असते,
दुसरा आवाज होऊ नये म्हणून.
माझी गोटी त्या वाळूत कुठे जाऊन बसली
ते मलाही ऐकू आलं नाही.

परतताना सांकुंग म्हणाला, "कुणाला?"
मी म्हटलं, "खड्डा."
शाळा मागे पडली, पाट्या संपल्या,
तशी त्याने एका हाताने चिंधी सोडली
आणि मोकळ्या रस्त्यावर घंटा वाजवली.
माझ्या पोटात धस्स झालं.
हे कुणाचं, कुणाला?
तो वाजवतच राहिला.